पाच हजारांत डॅशकॅम घ्यायचा तर पैसे कुठे घालावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात राहणं, सीएनजी वॅगन-आर, रोज वाकड ते खराडी आणि परत, अधूनमधून सातारा. कार्डासकट बजेट पाच हजार. ॲक्सेसरीवाला ३,५०० रुपयांत पुढे-मागे असा '४के' डॅशकॅम देतोय (डॅशकॅम म्हणजे काचेवर लावून रस्त्याचं सतत चित्रण करणारा कॅमेरा), वर ३२ जीबीचं कार्ड फुकट. गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असते, म्हणून पार्किंग मोड, म्हणजे उभ्या गाडीतही चित्रण, हवा आहे. आणि वायरिंगला हात लावला तर कंपनीची वॉरंटी जाईल का, ही धास्ती.

आधी उत्तर: तो ३,५०० वाला संच घेऊ नका. त्याच पैशात फक्त पुढचा, १०८०पी किंवा १४४०पी चा (चित्र किती बारीक येतं त्याचे हे आकडे), बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला कॅमेरा घ्या आणि उरलेले हजार-बाराशे चांगल्या कार्डावर घाला. पार्किंग मोड सध्या सोडा. आता कारणं, कारण ती कळली तर दुकानात उभं राहून कुठलंही मॉडेल तुमचं तुम्हालाच पारखता येईल.

तुम्ही विचारलंय की कुठला कॅमेरा चांगला. खरी अडचण वेगळी आहे. ज्या दिवशी कोणीतरी घासून जाईल त्या दिवशी कार्डावर त्या मिनिटाचं रेकॉर्डिंग असेल का, आणि असलं तर त्यात नंबरप्लेट वाचता येईल का? स्वस्तातल्या डॅशकॅमचे मालक बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर आपटतात. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत असतो आणि कार्ड मात्र तीन महिन्यांपूर्वीच मेलेलं असतं.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच सांगून टाकतो. गाडी चालक चालवत असेल किंवा टॅक्सीला लावलेली असेल तर आतलं चित्रण करणारा कॅमेरा कामाचा ठरतो, तो हिशेब निराळा. रोजचा प्रवास मुख्यतः रात्रीचा असेल तर बजेट दोन-तीन हजारांनी वाढवा, कारण स्वस्त आणि महाग कॅमेऱ्यांतला खरा फरक अंधारातच दिसतो. काचेवर आधीच ॲडास चा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा असलेली गाडी असेल तर डॅशकॅमची जागा बदलावी लागते. तुमच्या वॅगन-आरला हे लागू नाही, पण हे उत्तर इतरही वाचतील.

आता नंबरप्लेटचं गणित. गाडीची एका ओळीची उच्च सुरक्षा नंबरप्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची असते. डब्यावर १४० अंश (कॅमेरा किती रुंद बघतो ते) लिहिलेला कॅमेरा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेला असतो. आडवं बघितलं तर साधारण ११० अंश भरतात. १०८०पी म्हणजे आडवे १,९२० पिक्सेल, म्हणजे एका अंशाला सतरा-साडेसतरा. ही प्लेट कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर असेल तर तिच्या वाट्याला सुमारे १०० पिक्सेल येतात, १० मीटरवर ५०. प्लेटवरचा निळा छाप आणि कडा सोडल्या की दहा अक्षरं-आकडे उरतात: ५ मीटरवर प्रत्येकाला आठेक पिक्सेल, म्हणजे उजेडात वाचता येतं, १० मीटरवर चार, म्हणजे ८ आणि ३ यांत फरक करता येत नाही. हाच हिशेब १४४०पी ला लावला तर वाचण्याजोगं अंतर साडेसहा-सात मीटरवर जातं, आणि खऱ्या ४के ला दहापर्यंत. कॅमेरा काचेवर असतो, बंपरवर नाही, त्यामुळे पाच मीटर म्हणजे बंपरच्या पुढे साडेतीनच मीटर. सिग्नलला पुढे उभ्या असलेल्या गाडीची प्लेट १०८०पी मध्येही नीट येते. हायवेवर कट मारून गेलेल्याची येईलच असं नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. १७० अंशांचा कॅमेरा 'जास्त दाखवतो' म्हणून विकला जातो, पण तेवढेच पिक्सेल जास्त रुंदीवर पसरले की प्रत्येक प्लेट आणखी बारीक होते. १३० ते १४० अंश पुरेसे. त्याहून रुंद हवाच कशाला?

मग ४के का नको? कारण ३,५०० रुपयांत, तेही मागच्या कॅमेऱ्यासकट, खरं ४के बसत नाही. ४के म्हणजे ३,८४० गुणिले २,१६०, जवळजवळ ८३ लाख पिक्सेल. त्याला आठ मेगापिक्सेलचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) लागतो, उदाहरणार्थ सोनीचा आयएमएक्स४१५. स्वस्त संचांत आत दोन मेगापिक्सेलचा सेन्सर असतो आणि चिप ते चित्र ताणून ४के ची फाइल बनवते. तपशील एक पैशाचा वाढत नाही, फाइल मात्र फुगते. दुकानदाराला सेन्सरचं नाव विचारा. आयएमएक्स३०७ म्हणाला तर तो दोन मेगापिक्सेलचा, प्रामाणिक १०८०पी; अंधारातही बरा. आयएमएक्स३३५ पाच मेगापिक्सेलचा, १४४०पी साठी योग्य. आयएमएक्स६७५ हा सोनीच्या स्टारव्हिस-२ मालिकेतला, पाच मेगापिक्सेलचाच पण रात्री चांगला; तो ७०माय ए५१० किंवा व्हायफो ए११९ मिनी २ मध्ये मिळतो, पण ते तुमच्या बजेटच्या वर जातात. सेन्सरचं नाव डब्यावर नाही, वेबसाइटवर नाही आणि दुकानदारालाही ठाऊक नाही, तर तो कॅमेरा खाली ठेवा.

डब्यावर सहसा न छापलेला आणखी एक आकडा बिटरेट. चित्रण सेकंदाला किती डेटा लिहितं ते. तो कमी असेल तर चांगल्या सेन्सरचंही चित्र हलत्या गाडीत चिखलासारखं होतं: झाडं, खडी, प्लेटवरची अक्षरं सगळं एकमेकांत मिसळतं. मोजायला सोपं आहे. एक मिनिटाच्या फाइलचा आकार एमबीमध्ये बघा, आठने गुणा, साठने भागा. ११२ एमबीची फाइल म्हणजे १५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), १०८०पी साठी उत्तम. ६० एमबी म्हणजे ८ एमबीपीएस, कंजूषपणा. १४४०पी ला किमान १८-२० हवेत. 'मिनिटाची फाइल ६० एमबी आणि डब्यावर ४के' असं दिसलं की समजून जायचं.

रात्रीबद्दल अपेक्षा आत्ताच खाली आणा. अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडं ठेवतो. समोरची गाडी तुमच्या तुलनेत ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर तेवढ्या वेळात ती ५५ सेंटिमीटर सरकते, म्हणजे प्लेटच्या पूर्ण लांबीहून जास्त. अशी प्लेट कुठल्याच बजेट कॅमेऱ्यात येत नाही, मग सेन्सर कितीही भारी असो. शिवाय आपल्याकडे समोरून अप्पर मारणारे असतातच. म्हणून एक साधी सवय लावून घ्या: कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा आणि काही घडलं की दिसलेला नंबर, गाडीचा रंग, मॉडेल मोठ्याने बोला. चित्रात प्लेट पुसट असली तरी आवाजात नंबर वेळेसकट नोंदला जातो. एरवी गाडीतल्या घरगुती गप्पा कार्डावर जातात ही त्याची किंमत. ते नको असेल तर माइकचं बटण कुठे आहे तेवढं पाठ करा.

मागचा कॅमेरा. पाच हजारांत दोन कॅमेरे घेतले की पैसे दोघांत वाटले जातात आणि पुढचा हलका पडतो. मागचा बहुधा कमी रिझोल्यूशनचा असतो, मागच्या काचेवरची धूळ आणि डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारांमधून बघतो. मागून ठोकलं तर पुढच्या कॅमेऱ्यात निदान एवढं तरी दिसतं की तुमची गाडी उभी होती आणि धक्क्याने पुढे ढकलली गेली. बऱ्याच वादांत तेवढं पुरतं. तरीही मागचा हवाच असेल तर नंतर, वाढीव बजेटमध्ये. तुमच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर आहे, तेव्हा मागची वायर छतातून आणि डिकीच्या दाराच्या रबरी नळीतून न्यायची. सिलिंडर, त्याचा वाल्व आणि गॅसच्या पाइपांजवळून नाही. आणि मागच्या कॅमेऱ्याची टेप डिफॉगरच्या तारांवर चिकटवायची नाही. काढताना तार टेपबरोबर उखडून येते आणि तेवढी ओळ कायमची बंद पडते.

आता उष्णता, जिच्याकडे परदेशी परीक्षणं वाचून घेणारे हमखास दुर्लक्ष करतात. मे महिन्यात बंद गाडीत काचेजवळ ६०-७० अंश सहज होतात. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगावकडच्यांनी तर हा मुद्दा पहिला धरावा. काही डॅशकॅममध्ये छोटी लिथियम बॅटरी असते, काहींत सुपरकपॅसिटर. दोघांचं काम एकच: वीज गेल्यावर शेवटची फाइल नीट बंद करायला काही सेकंद देणं. लिथियम बॅटरी या तापमानात फुगते. मागचं झाकण उचललेलं दिसतं, चार्ज टिकत नाही, तारीख रोज १ जानेवारीवर जाते, आणि शेवटी कॅमेरा चालूच होत नाही. कपॅसिटर ही उष्णता झेलतो. बाजारात दोन्ही प्रकार असतात, कधी एकाच ब्रँडमध्येही: ७०माय ए५००एस मध्ये लिथियम बॅटरी आहे, डीडीपाय मिनी कपॅसिटरवर चालतो. म्हणून ब्रँडवर जाऊ नका, नेमक्या मॉडेलच्या माहितीपत्रकात 'सुपरकपॅसिटर' हा शब्द शोधा. तिथे एमएएच (बॅटरीची क्षमता) मध्ये आकडा दिसला तर ती बॅटरी आहे. पडदा असलेल्या मॉडेलपेक्षा बिनपडद्याचं, मोबाइलवर बघायचं मॉडेल उन्हाला बरं.

कार्डावर जरा जास्त लिहितो, कारण बिघाड इथेच होतात.

२० एमबीपीएस ने चित्रण म्हणजे मिनिटाला १५० एमबी, तासाला ९ जीबी. रोज दोन तास गाडी चालली तर १८ जीबी. ६४ जीबीचं कार्ड साडेतीन दिवसांत भरतं, मग जुनं पुसून वर नवं लिहिलं जातं; वर्षाला शंभरेक वेळा संपूर्ण कार्ड नव्याने लिहिलं जातं, तेही तापलेल्या काचेवर. मोबाइलसाठी बनवलेलं साधं कार्ड अशा वापरासाठी नसतं, आणि बऱ्याच कंपन्या त्याच्या वॉरंटीतून डॅशकॅमचा वापर वगळतात. मरायची त्याची रीतही वाईट: ते एकाएकी 'फक्त वाचा' अवस्थेत जातं. फाइली दिसतात, कॅमेरा चालू दिसतो, पण नवीन काही लिहिलं जात नाही. म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच कार्ड घ्यायचं: सॅनडिस्कचं हाय एन्ड्युरन्स किंवा मॅक्स एन्ड्युरन्स, सॅमसंगचं प्रो एन्ड्युरन्स. यू३ किंवा व्ही३० ही लिहिण्याच्या वेगाची खूण असावी. ६४ जीबीत सात तासांचं चित्रण मावतं, १२८ मध्ये चौदा तासांचं. पैशात फार फरक नसेल तर १२८ घ्या, कारण मोठं कार्ड तेवढ्याच वापरात निम्म्या वेळा लिहिलं जातं. मात्र कॅमेरा कमाल किती जीबी घेतो ते आधी बघा.

नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण हे बघा आणि कार्ड आलं की कॅमेऱ्यात घालण्याआधी संगणकावर पूर्ण तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफ३ ही मोफत साधनं कार्ड शेवटपर्यंत भरून परत वाचून बघतात. १२८ च्या नावाखाली ३२ निघालं तर तिथेच कळतं. वेळ दोन तास जाईल, जाऊ द्या. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नाही, आणि पुढे महिन्यातून एकदा हेच. फुकट मिळालेलं ३२ जीबीचं कार्ड बॉक्समध्येच राहू द्या.

पार्किंग मोड. जाहिरातीत तो सगळ्यांतच असतो, पण लाइटर सॉकेटवर चालवलेल्या कॅमेऱ्यात बहुतेक गाड्यांत तो निरुपयोगी: चावी काढली की सॉकेट बंद, आणि कपॅसिटरमध्ये रात्रभर पुरेल एवढी वीज नसते. त्यासाठी हार्डवायर किट लागतं, जे फ्यूज बॉक्समधून सतत वीज घेतं. आता हिशेब: कॅमेरा बॅटरीतून साधारण पाव अँपिअर ओढतो. दहा तासांची रात्र म्हणजे अडीच अँपिअर-अवर. शनिवार-रविवार गाडी हलली नाही तर बारा. छोट्या पेट्रोल गाड्यांची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती तेवढीही उरत नाही. सोमवारी सकाळी स्टार्टर कुरकुरला की डॅशकॅमला शिव्या.

तरी बसवायचंच असेल तर किटवर व्होल्टेज मर्यादा निवडता येते का बघा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. किट ११.६ वर लावून दिलेलं असतं कधीकधी, ते १२.२ वर आणा. उघड्यावर, सीसीटीव्ही नसलेल्या जागी गाडी रोज राहत असेल आणि ती रोज चालत असेल तर हा खर्च पटतो. सोसायटीचा कॅमेरा तुमच्या जागेवर असेल तर नाही पटत.

वॉरंटीचं असं आहे: लाइटर सॉकेटमध्ये अडॅप्टर घालून कॅमेरा चालवला तर गाडीच्या वायरिंगला हातच लागत नाही, प्रश्न मिटला. वायर सोलून, कापून, टेप गुंडाळून जोड दिला तर त्या सर्किटमधल्या बिघाडाचं खापर तुमच्यावर फोडायला सर्व्हिस सेंटरला कारण मिळतं. किट बसवायचं तर फ्यूज टॅपच (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा तुकडा) वापरा, म्हणजे मूळ वायरला धक्का लागत नाही आणि उद्या उपटून काढता येतो. टॅप घेण्याआधी आपल्या गाडीतला फ्यूज मिनी आहे, लो-प्रोफाइल मिनी आहे की मायक्रो, ते एक फ्यूज काढून ताडून बघा. चुकीचा टॅप ठोकून बसवला की खाच सैल होते. एअरबॅग, एबीएस, इंजिन ईसीयू (इंजिनचा संगणक) यांच्या फ्यूजला कधीही हात लावायचा नाही. पार्किंग मोडची वीज चावी काढल्यावरही चालू राहणाऱ्या एखाद्या साध्या फ्यूजवरून घ्या; सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत चावीबरोबर बंद होतो. मल्टिमीटरने बघा की फ्यूज काढल्यावर कुठल्या पायाच्या खाचेत वीज येते. टॅपची वायर निघते ती बाजू दुसऱ्या, बिनविजेच्या खाचेत जायला हवी. कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. काळी वायर गाडीच्या सांगाड्याच्या नटबोल्टला, रंग नसलेल्या धातूवर.

बसवायची जागा: आतल्या आरशाच्या मागे, शेजारच्या सीटच्या बाजूला, आणि वायपर जिथपर्यंत पुसतो त्या भागात. पावसाळ्यात हे चुकलं की चार महिने थेंबांचंच चित्रण. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीवर टेप नीट धरत नाही, ती टाळा. पावसाचा सेन्सर किंवा ॲडास कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर काही येऊ द्यायचं नाही. व्हॅक्यूमचा कप उन्हात सुटतो, चिकट टेपवालाच माउंट घ्या. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडी होऊ द्या, माउंट अर्धा मिनिट दाबून धरा, आणि शक्य असेल तर कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा. टेपखाली पारदर्शक स्टॅटिक स्टिकर दिलेला असेल तर तो आधी लावा, पुढे माउंट काढणं सोपं जातं.

वायर छताच्या कापडाच्या कडेत बोटाने सरकवत डावीकडच्या खांबापर्यंत, तिथून दाराच्या बीडिंगखालून (कडेच्या रबरी पट्टीखालून) खाली, डॅशबोर्डच्या कप्प्यामागून सॉकेटकडे. साडेतीन मीटर वायर लागते. खांबावर 'एअरबॅग' अशी खूण असेल तर वायर एअरबॅगच्या पुढून आणायची नाही, मागून न्यायची. जमत नसेल तर बीडिंगच्या रबरातच ठेवा. फुगणारी एअरबॅग आडवी आलेली वायर तुमच्या तोंडावर फेकेल.

वीज देताना कॅमेऱ्याबरोबर आलेला अडॅप्टर आणि त्याचीच वायर वापरा. गाडीच्या म्युझिक सिस्टीमचा यूएसबी पोर्ट बऱ्याचदा अर्धाच अँपिअर देतो. कॅमेरा चालू होतो आणि रात्री, इन्फ्रारेड किंवा वायफाय लागलं की स्वतःहून बंद-चालू होत राहतो. असं झालं तर कार्ड काढून कॅमेरा चालवून बघा. बिनकार्डाचा टिकला तर दोष कार्डात, तरीही रिस्टार्ट झाला तर वायर किंवा अडॅप्टरमध्ये.

डॅशबोर्डवरचा गणपती, चकचकीत मॅट, पांढरा नॅपकिन हे सगळं दुपारी काचेत उमटतं आणि चित्राच्या खालच्या अर्ध्यावर पसरतं. देव तिथेच राहू द्या, पण खाली काळी, बिनचमकीची मॅट घाला. आरशाला लटकवलेली माळ मात्र काढाच. ती सतत चित्रात हलते.

सेटिंगमध्ये चार गोष्टी. क्लिपची लांबी १ मिनिट, म्हणजे वायफायवरून मोबाइलवर घेताना मिनिटाभरात उतरते. तीन मिनिटांची फाइल रस्त्यावर उभं राहून उतरवणं ही शिक्षा आहे. वारंवारता ५० हर्ट्झ, नाहीतर एलईडी सिग्नल आणि पथदिवे चित्रात लुकलुकतात. वेळ भारताची, साडेपाच तासांची. काही मॉडेलमध्ये अर्ध्या तासाचा पर्याय शोधावा लागतो, आणि तारीख चुकलेली असली की चित्रण खरं असूनही वाद होतो. आणि धक्क्याचा सेन्सर सगळ्यात कमी संवेदनशीलतेवर. तो धक्का बसल्यावर फाइल 'लॉक' करतो, म्हणजे ती पुसली जात नाही. आपल्या रस्त्यांवर मध्यम संवेदनशीलतेला प्रत्येक खड्डा अपघात वाटतो. लॉक फाइलींनी कार्ड भरतं, आणि काही कॅमेरे मग नवीन लिहिणंच थांबवतात. चाकणच्या रस्त्याने महिनाभर गेलात की कळेल.

जीपीएस असेल तर चित्रावर वेग येतो. एक्सप्रेसवेवर तुम्ही ११८ ने जात होतात हेही मग त्याच चित्रात असतं, तेव्हा तो शिक्का ठेवायचा की नाही हे स्वतःच्या उजव्या पायाकडे बघून ठरवा.

परत करायची मुदत संपायच्या आत एक चाचणी घ्या. उभ्या गाडीच्या मागे कॅमेऱ्यापासून पाच आणि मग आठ मीटर मोजून थांबा, एकदा दुपारी, एकदा रात्री पथदिव्याखाली. फाइल मोबाइल ॲपमध्ये न बघता संगणकावर पूर्ण आकारात बघा, कारण ॲप बऱ्याचदा हलकी प्रत दाखवतं. पाच मीटरवर दुपारी प्लेट वाचता आली नाही तर कॅमेरा परत करा. आठवडाभर चालवून तारखांची साखळी सलग आहे का तेही बघा. मधली मिनिटं गायब असतील तर कार्ड किंवा वीज यांपैकी एक लंगडं आहे.

शेवटी पुराव्याचं. खासगी गाडीत डॅशकॅम लावायला वेगळी परवानगी लागत नाही. लष्करी हद्दीत शिरताना मात्र बंद करा, पुण्यात खडकी-देहूरोडकडे हे लक्षात ठेवावं लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक देणाऱ्याचं, एक तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा ठसा, असतं. जुन्या साक्ष कायद्यातल्या, याच विषयावरच्या कलम ६५ब बद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या, जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खटल्यात सांगितलं होतं की मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत दिली तर आहे. नव्या कायद्यात नेमकं काय द्यायचं हे वकील सांगेल. तुमच्या हातात एवढंच आहे की मूळ कार्ड शाबूत ठेवायचं.

म्हणून काही घडलं तर आधी जखमींकडे बघा, मग कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाबा, आणि गाडी बाजूला घेऊन कॅमेरा बंद करून कार्ड काढा. चालू ठेवला आणि लॉक नीट झालं नसेल तर सात तासांत तीच फाइल पुसली जाऊ शकते. घरी दोन ठिकाणी प्रत करा, फाइल कापू नका, नाव बदलू नका. विम्याच्या सर्व्हेअरला व्हॉट्सॲपवर पाठवायची तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा; नाहीतर ती दाबून लहान होते आणि प्लेट पुन्हा वाचता येत नाही. मूळ कार्ड तारीख घालून पाकिटात ठेवा. कॅमेऱ्यात घालायला दुसरं कार्ड लागेल, तेव्हा ते फुकटचं ३२ जीबीवालं कुठून मिळालंच तर फॉरमॅट करून गाडीच्या कप्प्यात टाकून ठेवा. घरी पोचेपर्यंत ते चालतं.